आशीर्वाद देऊन बसलेली उमेदवार

परमेश्वराने या जन्मात माझ्या संयमाची परीक्षा घेण्यासाठी ज्या ज्या योजना आखल्या, त्या सर्वांत माझी एक जुनी विद्यार्थिनी ही अत्यंत परिपूर्ण योजना होय, असे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. तीन तपे मी शाळेत संस्कृत शिकवले. शब्दरूपे चालवता चालवता झोपी जाणारी मुले पाहिली, दर आठवड्याला वेळापत्रक बदलणारे मुख्याध्यापक पाहिले, वर्गात शिरताच या विषयाचा उपयोग काय असे विचारणारे तपासनीस पाहिले. त्या सर्वांना मी शांत चित्ताने सामोरा गेलो. निवृत्तीनंतर नित्याची पूजा, दत्तमंदिरातले सायंकाळचे प्रवचन आणि थोडे वाचन एवढ्यावर उरलेले आयुष्य सरकेल, अशी माझी माफक अपेक्षा होती. ती अपेक्षा या एका व्यक्तीने अशी काही मोडीत काढली आहे की, अलीकडे जपाला बसलो तरी बोटे मण्यांवर आणि कान फाटकाच्या कडीकडे असतात.

शाळेच्या पटावर तिचे नाव मुलाचे होते. ते नाव तिने फार पूर्वी टाकून दिले, आणि दुसऱ्याने टाकलेली वस्तू उचलून आणणे मला योग्य वाटत नाही. म्हणून ते येथे येणार नाही. नववीची परीक्षा झाली आणि ती एकाएकी गावातून नाहीशी झाली. घरच्यांनी शोध घेतला नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पंधरा-एक वर्षांनी ती परतली ती हिरव्या इरकली लुगड्यात, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि बरोबर दोन चेल्या. आमच्याच वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या उभारून ती राहू लागली. सरकारी भाषेत तिला तृतीयपंथी म्हणतात. गाव तोंडावर अक्का म्हणते, आणि पाठीमागे काय म्हणते ते लिहिण्यासारखे नाही. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओसरीच्या पायरीशी उभे राहून तिने नववीच्या पुस्तकातले एक सुभाषित एका दमात म्हटले आणि विचारले, "गुरुजी, वळखलं का?" चेहरा मला ओळखता आला नाही, परंतु माझ्या सबंध नोकरीत मूर्धन्य 'ष' स्वच्छ उच्चारणारे एकच मूल मला भेटले होते. मी म्हणालो, "नववी ब." ती पायरीवर बसली आणि मनसोक्त रडली. तो आमच्यातला शेवटचा शांत प्रसंग. त्यानंतर तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

तिच्या प्रश्नांना काळवेळ नसतो. मी सोवळ्यात असतो, किंवा पान वाढलेले असते, किंवा दुपारी डोळा लागतो न लागतो, तेवढ्यात कडी वाजते आणि बाहेरून विचारणा होते की पुराणातल्या वरदानाला मुदत असते का, चुकून दिलेला शाप लागतो की फक्त रागाने दिलेलाच लागतो, आणि देवाने एकदा दिलेला शब्द परत घेतल्याचा एखादा दाखला आहे का. उत्तर दिल्यावाचून ती हलत नाही, आणि उत्तर दिले तर त्यात त्रुटी काढते. धर्माचरणात तर ती माझी तपासनीस होऊन बसली आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांच्या आज्ञेवरून एका एकादशीला गोळीबरोबर मी अर्धे बिस्किट खाल्ले. माझ्या उपरण्यावरचा चुरा तिने पाहिला. दुसऱ्या दिवशी भगरीच्या पिठाची पुडी ओसरीवर ठेवून म्हणाली, "देवाला चाललं असंल गुरुजी. मला न्हाई चाललं."

आणि तिचा शब्द. वस्तीत बारसे असो, लग्न असो, नव्या दुकानाची पूजा असो, अक्काचा आशीर्वाद घेतल्याशिवाय कार्य पुरे झाले असे कोणी मानीत नाही. तिच्या जमातीतली इतर मंडळी आशीर्वाद ओंजळीने उधळतात. ही मात्र सोनाराच्या तराजूत तोलून देते. आमच्याकडच्या एका कापड दुकानदाराने नातवाच्या बारशाला आग्रह धरला की, पोरगा कलेक्टर होईल असे म्हण. तिने बाळाला मांडीवर घेतले, बराच वेळ निरखले, आणि भरल्या मांडवात सांगितले, "पोरगं गोड हाय. चारचौघांत बसंल, माणसाला माणूस म्हणंल. कलेक्टरचं म्या कसं सांगू? जागा निघाल्या तर बघू." दुकानदार आठ दिवस रुसला होता. मी तिला समजावले की अशा प्रसंगी चार गोड शब्द सैल सोडायला हरकत नसते. त्यावर तिने मला जे सुनावले त्याचा आशय असा, की तिच्याजवळ शेत नाही, घराणे नाही, मूलबाळ नाही. एक बोललेला शब्द खरा होतो एवढीच तिची मालमत्ता आहे, आणि ती सैल सोडली तर तिच्याजवळ उरते काय.

अशा व्यक्तीने निवडणुकीला उभे राहावे ही कल्पना कोणाच्या डोक्यात आली असेल? अर्थात तिच्याच. आमच्या गावाची नगरपंचायत झाल्यापासून गल्लीगल्लीत फलकांचे पीक आले आहे. यंदा आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला. त्याच सुमारास अक्का प्लास्टिकच्या पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणे घेऊन हिंडू लागली. कोठे तिच्यासारखीच कोणी सरपंच झाली होती, कोठे महापालिकेला उभी होती, कोठे परदेशात कोणी दोन पुरुष एकत्र संसार करतात आणि त्यांतला एक आमदारासारखा काहीतरी निवडून आला होता. हे शेवटचे कात्रण तिने मला तीन वेळा वाचायला लावले. "समदीकडं आमची माणसं उभी राहून राह्यली गुरुजी. आष्टीला न्हाई, वाटूरला न्हाई, हितं तर बिलकुल न्हाई. असं कसं चालंल?" मी म्हणालो की आतापर्यंत चालले आहे. तो माझा मूर्खपणा होता, कारण या वाक्याने तिचा निश्चय झाला.

तीन पक्षांची माणसे त्या पंधरवड्यात तिच्या पत्र्याच्या दारी येऊन गेली. तिघांनाही आशीर्वाद हवा होता, प्रचारफेरीत पुढे चालायला ती हवी होती. एकाने तर जीपमध्ये उभे राहण्याची जागाही देऊ केली. तिने तिघांकडेही तिकीट मागितले. एकाला अचानक वरिष्ठांचा फोन आला, दुसऱ्याला गावातले संस्कार आठवले, तिसरा म्हणाला की पुढच्या वेळी नक्की. मग अक्का अपक्ष उभी राहायचे ठरले, आणि अपक्षाला प्रभागातले पाच सूचक लागतात ही वार्ता माझ्या शांततेचा अंत घेऊन आली. चार सह्या तिने मिळवल्या होत्या. त्यांत आमच्या वस्तीतले बांगड्या विकणारे चाचा होते, माझ्याच वयाचे. पाचवा ऐन वेळी सासुरवाडीला निघून गेला. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी, माझे सहस्रनाम निम्म्यावर आलेले असताना, अक्का आणि चाचा दोघेही ओसरीशी येऊन उभे राहिले. मी हाताने थांबा अशी खूण केली. ती त्यांनी आत या अशी समजून घेतली नाही, हे त्यांचे उपकार. पूजा संपल्यावर मी सांगितले की राजकारण हा माझा प्रांत नव्हे. चाचा म्हणाले, "गुरुजी, आपुन दोघं बी म्हातारे. आपलं कोन काय करून राह्यलंय? ठोका सही, जल्दी."

मी तिला विचारले की तुला नेमके हवे तरी काय आहे. गटारी, दिवे, नळ यांची तुला एवढी काळजी कधीपासून लागली. ती पायरीवर बोटाने रेघा ओढत म्हणाली, "मला समदे बोलावतात गुरुजी. पन दारापर्यंत. अंगणात नाचवतात, उंबऱ्यावर पाया पडतात, अन् दार लावून घेतात. नगरशेवकाला घरात घ्यावं लागतं. खुर्ची द्यावी लागते. एकदा मला खुर्चीवर बसून कुनाच्या तरी घरातून बाहेर बघायचंय." मी सही केली. ती करुणेने केली असे कोणी समजू नये. नैवेद्याला उशीर होत होता.

सही केली ती केली, वर मुहूर्तही सांगितला. तिने विचारले, मी पंचांग उघडले, आणि त्या दिवशीचा उत्तम काळ दुपारी दोन वाजून पन्नास मिनिटांनी आहे असे जे खरे होते ते सांगून मोकळा झालो. अर्ज घेण्याची मुदत तीन वाजता संपते हे मला कोणी सांगितले नव्हते. अक्का अकरा वाजताच तहसील कचेरीत पोहोचली, तिचा क्रमांक बारालाच आला, आणि तिने तो मागच्याला देऊन टाकला. त्याच्या मागचा आला, त्यालाही दिला. सूचक म्हणून मीही तेथेच लाकडी बाकावर गुडघे धरून बसलो होतो. अडीच वाजता ती उठली, तर आत कारकून दुसऱ्याच एका पुढाऱ्याच्या कागदांत गुंतला होता. पावणेतीन झाले. तिच्या हातांत एक टाळी आहे. ती वाजली की बाजारपेठ थांबते, हे सारा तालुका जाणतो. मी आयुष्यात प्रथमच मनोमन इच्छिले की हिने आता टाळी वाजवावी. न राहवून तसे सुचवलेही. तिने माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की जणू मी पुन्हा बिस्किट खाल्ले आहे. "उमेदवार टाळी वाजवीत न्हाई गुरुजी," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून ताठ उभी राहिली. बरोबर दोन पन्नासला अर्ज टेबलावर पडला. मला त्या रात्री पाठीला तेल लावावे लागले.

छाननीच्या दिवशी पाटलांच्या माणसांनी हरकत घेतली की ही जागा स्त्रियांची आहे. पाटलांची धाकटी सून प्रभागात मुख्य उमेदवार होती. अक्काने पिशवीतून जिल्ह्याच्या कचेरीचे ओळखपत्र काढून ठेवले, त्यावर तिच्या स्वतःच्या घोषणेनुसार 'स्त्री' अशी नोंद होती, ती अधिकाऱ्यांनी दोनदा वाचली, आणि हरकत फेटाळली. हरकत घेणारे जे बोलले ते मी ऐकले. अक्काने तर अगदी जवळून ऐकले. पाटलांची सून मात्र त्या वेळी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे तसे उभे राहणे पुढे आमच्या किती अंगलट येणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

अर्ज मागे घेण्याची मुदत गेली, चिन्हे वाटली गेली, अक्काला कपबशी मिळाली. लढत दोघींतच उरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या सुनेने मारुतीपुढे नारळ फोडला आणि वाजतगाजत फेरी निघाली. ती आमच्या टोकाला आल्यावर सून एकटीच फेरीतून बाहेर पडली आणि सरळ अक्काच्या दारी आली. मी तेथेच होतो. पत्रकाचा मजकूर शुद्ध करून देण्यासाठी मला बोलावण्यात आले होते. सुनेच्या लग्नाला सात वर्षे झाली तरी मूल नव्हते. तेव्हा अक्काने तिच्या ओटीत हात ठेवून शब्द दिला होता आणि पुढच्या वर्षी मुलगी झाली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. सून वाकली, तिच्या पायांवर डोके ठेवून म्हणाली, "अक्का, त्या दिवशी आमची माणसं तुम्हाला नको ते बोलली. माझ्यावर राग धरू नका." आणि अक्काचा उजवा हात, इतक्या वर्षांच्या सवयीने, आपोआप उचलला गेला. "उठ माय," ती म्हणाली, "निवडून येशील. गुलाल तुझ्याच अंगावर पडंल."

वाजंत्री थांबली होती, त्यामुळे ते सर्वांनी ऐकले. पत्रकावर कपबशीला मत द्या असे मी नुकतेच लिहिले होते. लेखणी माझ्या हातात होती. फेरी जल्लोष करीत पुढे गेली. आम्ही दोघे उरलो. मी इतका संतापलो होतो की प्रथम मला मराठी सुचेना. मग मी तिला स्पष्ट शब्दांत विचारले की लोकांची टवाळी मी कशासाठी सोसली, बाकावर चार तास कशासाठी बसलो, आणि स्वतःच्या पराभवाचा आशीर्वाद स्वतःच्या तोंडाने देणारा उमेदवार भारतवर्षात आजवर कोणी झाला आहे काय. ती खाली बसली होती. तिलाही आपण काय केले ते आताच उमगत होते. "हात वर गेला गुरुजी," एवढेच ती म्हणाली. मी म्हटले, मग शब्द मागे घे; सांग की अनवधानाने निघाला. तिने मान हलवली. तिच्या मते अनवधानाने निघालेला शब्दच सर्वांत खरा असतो, कारण तो माणसाला विचारून निघत नाही. आता आपण मत मागणे म्हणजे आपलाच शब्द खोटा पडावा म्हणून दारोदार फिरणे, आणि ते आपल्याच्याने होणार नाही. पण उमेदवारीही सोडणार नाही, यंत्रावर नाव राहणार.

"मग मत मागायचे कोणी?" मी विचारले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

अशा रीतीने, ज्याने उभ्या जन्मात कोणाकडे कधी काही मागितले नाही, अशा एका वृद्धाला वयाच्या पंचाहत्तरीत कपबशीचे पत्रक हाती घेऊन दारोदार फिरावे लागले. मी पुढे आणि अक्का चार पावले मागे, मुकी. मी मत मागायचे, तिने फक्त हात जोडायचे, असा करार. तोही ती पाळीत नसे. एका घरी मी पाच मिनिटे तिची योग्यता वर्णन केली आणि घरमालकाने तिला विचारले की काय अक्का, देऊ का तुला मत. ती म्हणाली, "तुमच्या मनाला ईल ते करा. पाटलांची सून बी गुनाची हाय." बाहेर आल्यावर मी रस्त्यातच उभा राहिलो आणि शंभरपर्यंत अंक मोजले, संस्कृतात. लोकांना मोठी करमणूक झाली. शास्त्रीबुवांना या वयात काय सुचले, असे विचारणारे नातेवाईक मला फोन करू लागले. प्रवचनाला येणाऱ्या दोन कुटुंबांनी येणे थांबवले, तेही न सांगता.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. ऊन बरेच होते, माझे गुडघे बोलत होते. एका ओळखीच्या घरी मला आत घेऊन खुर्ची दिली आणि अक्का उंबऱ्यापलीकडे उभी राहिली, नेहमीसारखी. चहा आला. मला कपबशीत, तिला कागदाच्या पेल्यात. या घरात तसे नेहमीच होत असणार. सर्वच घरांत होते, आणि इतकी वर्षे मी ते पाहतच आलो होतो. त्या दिवशी मी थकलेला आणि चिडलेला होतो एवढेच. मी म्हणालो, "वहिनी, निशाणी कपबशी आहे. उमेदवारालाच कागदी पेला दिलात, तर मी प्रचार कशाचा करायचा?" बाई गोंधळल्या. आत गेल्या, बराच वेळ भांड्यांचा आवाज आला, आणि निळ्या फुलांची कपबशी घेऊन आल्या. आता कपबशी उभ्याने धरून चहा पिता येत नाही, म्हणून खुर्ची आली. आणि खुर्ची उंबऱ्यावर मावत नाही, म्हणून ती आत ठेवावी लागली. अक्का बसली. तिने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि खिडकीतून बाहेर रस्त्याकडे पाहत सावकाश प्यायली.

त्यानंतर प्रत्येक घरी मी हा मुद्दा निवडणुकीचा नियम असल्यासारखा उपस्थित करू लागलो. काही घरांनी कपबशी काढली. पुष्कळ घरांनी आज दूध संपले आहे असे सांगितले. आमच्या प्रभागात इतके दूध एकाच आठवड्यात संपल्याचे मला आठवत नाही. एका घरी मात्र सांगावे लागले नाही. शाळेचे निवृत्त ग्रंथपाल आणि त्यांचे मित्र, दवाखान्यातले जुने कंपाउंडर, तीस वर्षे एका घरात राहतात. त्यांनी दार उघडले तेव्हा तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि सोनेरी कडेच्या कपबशा टेबलावर तयार होत्या. ग्रंथपालांनी स्वतः अक्काला हात धरून आत नेले. निघताना कंपाउंडर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही या कामाला निघालात, बरं वाटलं." त्या घराविषयी मी आजवर कधी काही विचारले नव्हते, त्या दिवशीही विचारले नाही. पण बाहेर पडल्यावर अक्का बराच वेळ गुणगुणत चालली होती, आणि मी प्रथमच तिला गप्प बस असे म्हणालो नाही.

घरी येऊन मी हातपाय धुतले आणि ओसरीच्या कोनाड्याकडे माझे लक्ष गेले. तेथे एक स्टीलचा पेला आहे. तो अक्काचा. तो वेगळा कोणी ठेवला, मी की माझ्या दिवंगत पत्नीने, हे मला आठवत नाही. पण इतक्या वर्षांत तो मी उचलून आत नेला नाही, हे मला चांगले आठवते. दुसऱ्यांच्या घरचे पेले मोजत फिरणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी प्रवचनात सांगण्यासारखे काही सुचले नाही. मी ते आटोपते घेतले.

निकाल लागला. पाटलांची सून निवडून आली, फार मोठ्या फरकाने नव्हे. तिने स्वतः येऊन अक्काला गुलाल लावला, आणि सबंध वस्तीत चर्चा झाली ती अक्काच्या शब्दाच्या सामर्थ्याची. अंकुशनगरकडून आणि आणखी कोठून कोठून पुढच्या निवडणुकांचे इच्छुक आताच आशीर्वादासाठी येऊ लागले आहेत. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी माझी पूजा निम्म्यावर आलेली असतानाच ती आली आणि मी विचारलेले नसताना म्हणाली, "दुखतं हो गुरुजी. पन शब्द खोटा पडला असता तर जास्ती दुखलं असतं." मी तिला आत ये म्हणालो. ती आली, खुर्चीवर बसली, आणि माझ्या देव्हाऱ्यातली फुले कालची आहेत असे तिने ताबडतोब दाखवून दिले.

मग मी तिला कागद दाखवला. आमच्या केंद्रावरचे आकडे मी उतरवून आणले होते. कपबशी काढणारी घरे माझ्या ध्यानात होती. त्या घरांतली सर्व मते धरली, वर चाचांचे सारे कुटुंब धरले, तरी तिला पडलेली मते त्यांच्या तिपटीहून अधिक होती. म्हणजे ज्यांचे दूध संपले होते, ज्यांनी दार पुरते उघडलेही नाही, त्यांच्यातल्या पुष्कळांनी पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे जाऊन तिच्या नावापुढचे बटण दाबले होते. मी उत्साहाने म्हणालो की विचार करून ही माणसे शोधून काढता येतील. तिने कागद माझ्या हातून घेतला, घडी करून चोळीत ठेवला. "शोधू नका गुरुजी. पडद्याआड दिलंय त्यांनी, ऱ्हाऊ द्या पडद्याआड. म्या लई वर्सं काढलेत तिथं. मला म्हाईत हाय, भाईर यायला येळ लागतो."

तिने शोधू नका म्हटले म्हणून मी शोधत नाही. पण डोळे ऐकत नाहीत. सायंकाळी मंदिराकडे निघालो की पिठाच्या गिरणीवाला दिसतो, ज्याने आम्हाला पाहून, आमचे बोलणे ऐकू येऊ नये म्हणून, गिरणीचा पट्टा सुरू केला होता. त्याच्याकडे पाहून वाटते, हा तर नसेल? कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई, ज्या मला पाहून अजूनही तोंड फिरवतात, त्या तर नसतील? प्रवचनाला येणे थांबवलेल्या घरातली थोरली सून परवा ओढणी सावरत किंचित हसली, त्याचा अर्थ काय? कोणाचा काही नेम नाही. ज्याला मी आजवर खडूस समजत आलो, तोच त्या मतांतला एक असू शकतो. म्हणून हल्ली मी सर्वांनाच नमस्कार करतो, थांबून, नीट हात जोडून, चुकून कोणी राहू नये म्हणून. घरापासून दत्तमंदिरापर्यंत पूर्वी मला सात मिनिटे लागत. आता घंटा सुरू झालेली ऐकू येते, आणि मी अजून अर्ध्या रस्त्यातच असतो.